गेममधल्या मंडळींनी एका इटालियन संगीतकारासाठी शोक करणं खरं असतं का?

तुम्ही विचारलंय, की तुमचा मुलगा 'रेड डेड ऑनलाइन' हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा काउबॉयांचा गेम खेळतो आणि जुलै 2020 मध्ये एन्नियो मोरिकोने वारले तेव्हा त्याच्या गेममधल्या सोबत्यांनी घोड्यांवर जमून त्यांना श्रद्धांजली वाहिली होती, असं तो सांगतो. मोरिकोनेंनी त्या गेमला संगीतही दिलेलं नाही, यातल्या कुणी त्यांना कधी पाहिलंही नाही. मग हे दुःख खरं, की तोही खेळाचाच भाग?

खरं असतं. तशाच एका जमावात मीही होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोरिकोने जन्मभर रोमचेच. जन्म 1928चा. वडील ट्रम्पेट वाजवायचे, मुलानेही तेच वाद्य धरलं आणि सांता चेचिलिया संगीत विद्यालयात रीतसर शिक्षण घेतलं. दिग्दर्शक सर्जिओ लिओने हा त्यांचा प्राथमिक शाळेतला वर्गमित्र. 1964 साली दोघांनी पहिला वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, केला तेव्हा मोठ्या वाद्यवृंदाला पैसे नव्हते. मग मोरिकोनेंनी शीळ घेतली, चाबकाचा फटकारा घेतला, घंटा, इलेक्ट्रिक गिटार आणि आपल्या राजस्थानात वाजतं तसलं मोरचंग घेतलं. शीळ अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची. 1966च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या ओरडण्यावरून त्यांनी एक छोटीशी हाक रचली आणि तीच हाक तिन्ही मुख्य पात्रांना वाटून दिली: एकाला बासरीवर, दुसऱ्याला ओकारिना या छोट्या फुंकवाद्यावर, तिसऱ्याला माणसांच्या गळ्यातून. तोवर हॉलिवूडच्या वेस्टर्नमध्ये भरघोस व्हायोलिनं वाजत. अमेरिकेतलं वाळवंट कसं ऐकू यावं, हे त्यानंतर जगभर ठरवलं ते रोम न सोडणाऱ्या आणि इंग्रजी कधी न शिकलेल्या या माणसाने. मला यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य हेच वाटतं. आपल्याकडेही हा आवाज तसा अनोळखी नाही. 'शोले'त आर. डी. बर्मन यांनी जय वाजवतो ती माउथ ऑर्गनची धून दिली, तिच्यामागे याच इटालियन वेस्टर्नची हवा आहे.

आता गेमचं. तुमचा मुलगा खेळतो त्याच मालिकेतल्या, 2010च्या 'रेड डेड रिडेम्प्शन'चं संगीत बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांचं. त्यांनी त्यातलं बहुतेक संगीत ए मायनर या एकाच स्वरपट्टीत आणि मिनिटाला 130 ठोक्यांच्या एकाच लयीत बांधलं, म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर बेमालूम चढावा. तुम्ही माळावरून पायी चालत असता तेव्हा एखादी तार वाजत असते. घोड्यावर मांड टाकली की खालून बेस गिटार सुरू होते. गोळीबार सुरू झाला की ढोल. शत्रू संपले की एकेक वाद्य गळून जातं. ती शीळ, ते ट्रम्पेट, तो मोकळा माळ, सगळं मोरिकोनेंच्या घराण्यातलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. चित्रपट पाहताना संगीत दुसऱ्या कुणाच्या तरी प्रवासाला साथ करतं आणि तीन तासांत संपतं. गेममध्ये ते तुमच्याच हालचालीवर चालतं. तुम्ही घोडा थांबवला म्हणून ते थांबतं, तुम्ही दरीत उतरलात म्हणून ते बदलतं. असे शेकडो तास जातात. त्या सुरांना मग तुमच्या स्वतःच्या आठवणी चिकटतात: कुठल्या रात्री कोण सोबत होतं, कुणी आपल्याला वाचवलं, कुणी पहाटेपर्यंत नुसत्या गप्पा मारल्या. हे सूर ज्याच्यापासून सुरू झाले तो माणूस गेल्याचं कळलं की खेळणाऱ्याला आपलंच काहीतरी गेल्यासारखं वाटतं. त्याचं नाव अनेकांना त्याच दिवशी कळलेलं असतं. त्याने दुःख खोटं ठरत नाही. उलट कुणाचं किती देणं लागतो हे तेव्हाच उमगतं.

6 जुलै 2020. सोमवार होता. आमच्या पॉसीत, म्हणजे गेममधल्या टोळीत, ब्राझीलचे दोघे होते, एक पोलंडचा, एक इटलीतल्या तोरिनोचा आणि मी पुण्यातून. तोरिनोच्या मुलाने बातमी सांगितली. रात्री आम्ही न्यू ऑस्टिनच्या वाळवंटात, टंबलवीड नावाच्या गावाजवळ जमलो. इतर काही टोळ्याही आल्या, बऱ्याच जणांनी काळे कोट घातले होते. एकाने माइकसमोर फोन धरून 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड' लावलं. आवाज फाटत होता, एद्दा देल्लोर्सो यांचा वर चढत जाणारा गळा मध्येच तुटत होता, तरी कुणी बंद कर म्हणालं नाही. संपल्यावर तोरिनोचा मुलगा इटालियनमध्ये काहीतरी बोलला आणि रडला. त्याच्या आजोबांना ते चित्रपट फार प्रिय होते, आणि त्या वसंतात आजोबा कोविडने गेले होते. त्याला अंत्ययात्रेला जाता आलं नव्हतं.

तो काळ आठवून पाहा. आपल्याकडे अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. चार माणसं एकत्र येऊन मूकपणे उभी राहू शकतील अशा जागा फार थोड्या उरल्या होत्या, त्यातली ही एक होती. त्या रात्री मोरिकोनेंच्या निमित्ताने कोण कुणासाठी उभं होतं हे नेमकं सांगता येणार नाही, आणि ते वेगळं काढायची गरजही मला वाटत नाही.

मोरिकोनेंनी स्वतःच्या निधनाचं निवेदन स्वतःच लिहून ठेवलं होतं. सुरुवातच अशी, की मी, एन्नियो मोरिकोने, वारलो आहे. कुणाला त्रास द्यायचा नाही म्हणून अंत्यविधी खाजगीत करावा, असं त्यात होतं, आणि सगळ्यात वेदनेचा निरोप पत्नी मारियाला होता. आमच्यातल्या एकाने त्याचं भाषांतर शोधून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवलं.

"खेळाचाच भाग" म्हणताना एक गोष्ट ध्यानात घ्या. अशा जमावात कुणीही कुणालाही गोळी घालू शकतो. 2006 साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये एका मृत खेळाडूच्या मैत्रमंडळींनी बर्फाळ तळ्याकाठी शोकसभा ठेवली होती, तिच्यावर दुसऱ्या टोळीने हल्ला करून सगळ्यांना मारलं. गेमिंगच्या जगात ती घटना अजून सांगितली जाते आणि अजून लोक तिच्यावरून भांडतात. रेड डेडमध्ये बचावाची एक सोय आहे, पण ती पुरती नाही. म्हणून सगळ्यांनी बंदुका म्यान करून उभं राहणं याला त्या जगात वजन आहे. आमच्याकडे एक अनोळखी स्वार भरधाव आला, काय चाललंय ते पाहिलं, आणि उतरून रांगेत उभा राहिला.

हे एकट्या मोरिकोनेंच्या वाट्याला आलेलं नाही. मे 2021 मध्ये मांगाकार, म्हणजे जपानी चित्रकथाकार, केंतारो मिउरा यांच्या निधनाची बातमी आली तेव्हा 'फायनल फँटसी 14' या ऑनलाइन गेममध्ये खेळाडू त्यांच्या कथेतल्या नायकासारखे काळ्या चिलखतात, मोठ्या तलवारी घेऊन रस्त्याच्या दुतर्फा रांगा लावून उभे राहिले. आणि रेड डेडवाल्यांनी तर जुलै 2022 मध्ये, नवे मोठे भाग येणार नाहीत असं कंपनीने जाहीर केल्यावर, काळे कपडे घालून दफनभूमींत जमून खुद्द आपल्या गेमचाच अंत्यविधी केला.

पडद्याबाहेरही असं घडलंय. स्पेनमध्ये बुर्गोसजवळ 1966च्या त्या चित्रपटाच्या शेवटासाठी स्पॅनिश सैनिकांनी पाच हजारांवर खोट्या कबरींची दफनभूमी उभारली होती. नंतर ती मातीखाली गेली. 2015 पासून चाहत्यांनी कुदळी-फावडी घेऊन ती पुन्हा मोकळी केली. तिथे कुणीच पुरलेलं नाही. तरी लोक जातात आणि मोरिकोनेंचे सूर लावून मधल्या गोल चौथऱ्यावर उभे राहतात.

मुलाशी बोलायचं असेल तर त्या दिवशी कुणी काय वाजवलं होतं, ते त्याला विचारा. मग 1966च्या त्या चित्रपटाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं दोघं मिळून बघा, मोबाइलवर नको, टीव्हीला बरा स्पीकर जोडून. दफनभूमीत धावणारा तुको, त्या तीन मुख्य पात्रांपैकी एक, दिसू लागला, की पुढचं मुलगाच तुम्हाला सांगेल.