पासपोर्ट कुणाकडे ठेवायचे?

"सगळ्यांना एकदा कुठेतरी लांब घेऊन जातो, म्हणजे आपोआप बोलायला लागतील."

भाऊबीज जवळ आली की हे वाक्य मला समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकायला मिळतं. बोलणारा बहुधा घरातला थोरला असतो. आई-वडील गेलेले असतात. जागेवरून किंवा आजारपणाच्या खर्चावरून भावंडांत बिनसलेलं असतं आणि फॅमिली ग्रुपवर वाढदिवसाचे केक आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच उरलेलं असतं. मग कुणाच्या तरी मनात येतं, सहल काढू. व्हिएतनाम, थायलंड, श्रीलंका आता आवाक्यात आलेत. घरात जे जमलं नाही ते परक्या देशात जमेल, असं वाटतं. ही आशा मला वेडेपणाची वाटत नाही. परक्या ठिकाणी माणसं जरा सैलावतात, हे मी पाहिलंय. पण सहलीची तिकिटं काढण्याआधी एक काम करावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं.

अशीच इच्छा घेऊन आलेल्या एका गृहस्थांबद्दल सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि तपशील बदलले आहेत. त्यांना श्रीकांतराव म्हणू. वय साठीच्या जवळ, आयुष्यभर कारखान्यात नियोजनाचं काम केलेलं. धाकटी बहीण सुनीता आणि तिच्याहून धाकटा राजू, तो सिंगापूरला. वडील गेल्यापासून सुनीताबाई श्रीकांतरावांशी बोलत नव्हत्या. त्यांच्या मुलाच्या लग्नालाही त्या आल्या नव्हत्या. राजू दोघांशीही जेवढ्यास तेवढा.

श्रीकांतराव पहिल्याच भेटीत फाइल घेऊन आले. श्रीलंकेची आठवडाभराची सहल, दिवसवार आखलेली. कोण कुणाच्या खोलीत, कुठल्या दिवशी कुठलं जेवण. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कँडी : सायं. ६ ते ७, मनमोकळ्या गप्पा.'

"सगळा खर्च मी करतोय. तरी सुनूनं साधं उत्तर दिलेलं नाही. तिला कसं पटवू, एवढंच सांगा."

"त्या तासाभरात काय बोलायचं ठरवलंय?"

"ते तिथे गेल्यावर निघेलच की."

बहिणीचा राग कशाचा, हे मी दोन-तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. दर वेळी त्यांनी स्वतः काय काय केलं तेच ऐकायला मिळालं. वडिलांना दवाखान्यात कोणी नेलं, रात्री कोण जागलं, बिलं कोणी भरली. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. पण सतत बचावाच्या पवित्र्यात असलेल्या माणसाला सरळ प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. अशा वेळी मी त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ठेवते. दुसऱ्याचा न्याय करताना माणूस मोकळा असतो. म्हणून मी त्यांना एक सिनेमा पाहून यायला सांगितलं.

वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'द दार्जिलिंग लिमिटेड', २००७चा. तीन अमेरिकन भाऊ वडिलांच्या अंत्यविधीनंतर वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत. थोरला फ्रान्सिस त्यांना भारतात बोलावतो आणि तिघं राजस्थानातून रेल्वेनं निघतात. फ्रान्सिसच्या डोक्याला अपघातामुळे बँडेज गुंडाळलेलं आहे. मधला पीटर वडिलांचा नंबरचा गॉगल घालून फिरतो, त्यांचाच वस्तरा वापरतो आणि त्यावरून थोरला चिडतो. धाकटा जॅक घरची भांडणं जशीच्या तशी कथेत उतरवतो आणि पात्रं काल्पनिक आहेत असं सांगत राहतो. तिघांबरोबर वडिलांच्या बॅगांचा मोठा थोरला संच आहे. पटकथा लिहिणारे अँडरसन, रोमन कोपोला आणि धाकट्याची भूमिका करणारा जेसन श्वार्ट्झमन हे तिघं त्यासाठी स्वतः भारतात रेल्वेनं हिंडले होते. विनोद भरपूर आहे, पण हसता हसता घशाशी काहीतरी येतं.

पुढच्या भेटीला श्रीकांतराव चिडूनच आले.

"तो थोरला भलताच आगाऊ आहे हो!"

"काय केलं त्यानं?"

"भावांना न विचारता त्यांचं जेवण मागवतो. कार्यक्रम लॅमिनेट करून वाटतो. आणि पासपोर्ट! चांगल्या मोठ्या घोड्यांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतो."

"तुमच्या सहलीत पासपोर्ट कुणाकडे राहणार होते?"

"माझ्याकडे. सुनू विसराळू आहे, राजूचं तर..." ते थांबले. मांडीवरची फाइल त्यांनी हळूच बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

खरं काम इथून सुरू झालं. सिनेमात पुढे भावांची आई भेटते. ती हिमालयाच्या पायथ्याशी एका मठात राहत असते, आणि आल्या आल्या मुलांना न विचारता कुणी काय खायचं ते ठरवून टाकते. फ्रान्सिसची सवय कुठून आली ते त्या एका प्रसंगात कळतं. मी श्रीकांतरावांना विचारलं, "तुमच्या घरी असं कोण होतं?" ते म्हणाले, "बाबा. आमचे चपलांचे नंबरसुद्धा तेच सांगायचे, आम्ही कॉलेजात होतो तरी." आणि त्यांना हसू आलं, पहिल्यांदाच.

मग मी विचारलं, "सहलीच्या कागदासारखा असा तयार कागद सुनीताबाईंच्या हातात आधी कधी दिला होता का?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. नंतर एकेक वाक्य येत गेलं. वडिलांच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनीताबाईंना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं होतं. फ्लॅटचं हक्कसोडपत्र तयार होतं. वकील त्यांनीच गाठला, स्टँप ड्यूटी त्यांनीच भरली, साक्षीदार त्यांनीच आणले. बहिणीला शोधत बसावं लागू नये म्हणून सह्यांच्या जागी पेन्सिलनं फुल्या करून ठेवल्या होत्या.

"तिनं वाचलं?"

"वेळच नव्हता. आमचा नंबर आला होता. आणि तिनं नाही म्हटलंच नसतं हो. तिला फ्लॅट नकोच होता."

"मग विचारायला काय हरकत होती?"

ते खिडकीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे मॅडम, मी परत तेच करतोय. फुल्या मारून ठेवल्यात, तिनं फक्त यायचं."

हे मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन आणखी एक रकाना वाढवला असता. ते त्यांच्या तोंडून आलं, याचं मला आजही समाधान वाटतं. समुपदेशनात मी शिकले ती विचारपद्धती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. मराठी माणसांपर्यंत ती पोचली ती मुख्यतः मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे. आपल्याला छळतो तो प्रसंग कमी आणि त्याला चिकटलेला आपला हट्ट जास्त, हे तिचं सार. बहिणीनं बोलावं ही श्रीकांतरावांची इच्छा होती आणि ती रास्त होती. पण आपण एवढं केल्यावर तिनं बोललंच पाहिजे, आपण ठरवलेल्या वेळी आणि मागचं काही न काढता, हा हट्ट होता. इच्छा अपुरी राहिली तर माणूस खट्टू होतो, हट्ट मोडला की संतापतो. बहिणीच्या न आलेल्या उत्तरावर ते संतापले होते.

म्हणून माझं सगळ्या थोरल्यांना सांगणं आहे : सहल आखण्याआधी जे बोलायचं ते बोलून घ्या. फोनवर, पत्रानं, कसंही. आणि ते बोलणं सहलीच्या आमंत्रणाला जोडू नका, नाहीतर समोरच्याला त्यात सौदा दिसतो. श्रीकांतरावांनी आधी लिहिलं होतं, 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.' ते 'असेल तर' आम्ही काढलं. वडिलांची सेवा कोणी केली हेही काढलं. राहिलं ते एवढं : 'सुनू, तुला वाचू न देता मी सह्या घेतल्या. ते चुकलं. तुला वाटा हवा असेल तर पुन्हा बसू. उत्तराची घाई नाही.' शेवटचं वाक्य पाळणं सर्वांत अवघड जातं. त्यांनाही गेलं.

उत्तर आलं ते काही आठवड्यांनी, एका ओळीचं. 'पेन्सिलच्या फुल्या कोणी केल्या होत्या?'

'मी.'

मग फोनच आला. "दादा, इतकी वर्षं मला वाटत होतं, वहिनीनं केल्या."

त्या एका समजापायी त्या भाच्याच्या लग्नाला आल्या नव्हत्या. अबोला धरलेल्या घरांत हे फार दिसतं. मूळ दुखणं एक असतं, आणि न बोलण्याच्या काळात त्यावर भलत्याच माणसाबद्दलचा राग चढत जातो. किती वर्षं गेली याला तितकं महत्त्व नाही. पहिला प्रश्न विचारायला जागा मिळाली का, याला आहे.

दुसरं, मालमत्तेचा विषय सहलीत नेऊ नका. वडिलांनी स्वतः घेतलेल्या आणि मृत्युपत्राशिवाय मागे ठेवलेल्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत २००५च्या दुरुस्तीनंतर तिचा मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. हे माहीत असूनही बहिणी सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. ती सही प्रेमानं झाली की दडपणाखाली, हे तिलाच विचारावं लागतं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र तोंडी शब्दानं मागे घेता येत नाही, त्यासाठी वकीलच लागतो. समुद्रकिनाऱ्यावर बसून हे सुटत नाही.

आणि सहलीत गप्पांची वेळ ठरवू नका. सिनेमात फ्रान्सिसचे सगळे विधी फसतात. भाऊ एकमेकांना मारतात, तिघांना गाडीतून खाली उतरवलं जातं. ते जवळ येतात ते एका अनपेक्षित प्रसंगात. नदीत पडलेल्या तीन मुलांना वाचवायला ते उड्या मारतात, दोन मुलं वाचतात, पीटरच्या हातातलं वाचत नाही. त्या मुलाच्या अंत्यविधीला गावकरी त्यांना थांबवून घेतात. मुलाचा बाप इरफान खान आहे. तिथे आखणारं कुणी नाही, तिघं नुसते बसून असतात. आपल्या मुलखातल्या एका मुलाचं मरण तीन परक्या भावांच्या सांत्वनाला वापरलं, हे मला खटकतंच आणि ते मी प्रत्येकाला सांगते. तरी दुःखात शेजारी बसण्याबद्दल तो भाग जे दाखवतो ते खरं आहे.

एक अपवादही सांगायला हवा. जिथे मारहाण झाली आहे, लैंगिक छळ झाला आहे किंवा भावंड अजूनही फसवतं आहे, तिथे मी कुणालाही सहलीचा सल्ला देत नाही. अंतर ठेवणं हाच तिथे शहाणपणा असतो.

श्रीकांतराव, सुनीताबाई आणि राजू पुढे श्रीलंकेला गेले, ठरल्यापेक्षा कमी दिवस. पासपोर्ट ज्याचे त्याच्याकडे. कँडीत सुनीताबाई एकट्याच बाजारात गेल्या आणि श्रीकांतरावांनी त्यांना फोन केला नाही. हे त्यांनी मला फार अभिमानानं सांगितलं. कँडीहून एल्लाला जाणारी गाडी चहाच्या मळ्यांतून सहा-सात तास रमतगमत गेली. त्या गाडीत बाबांच्या घड्याळावरून राजू आणि सुनीताबाईंचं कडाक्याचं भांडण झालं. श्रीकांतराव मध्ये पडले नाहीत. तासाभरानं राजूनंच वडे घेतले, दादाला न विचारता.

राजू अजूनही स्वतःहून फोन करत नाही. फ्लॅटच्या कागदाचंही ठरलेलं नाही. वकिलाची फी देतो, असं श्रीकांतराव म्हणाले होते, ते सुनीताबाईंनी नाकारलं. त्यांनी स्वतः एक वकील पाहिलाय, आणि कधी बसायचं ते त्याच कळवणार आहेत.