भाकरी कुठं शेकायची?

प्रश्न: धारूर तालुक्यात आमचा बारा जणींचा बचत गट आहे. निर्धूर चुली करून विकाव्यात असं चाललंय. सासूबाई म्हणतात, सरकारनं दिलेली चूल बायांनी मोडून टाकली, विकतची कोण घेणार? त्यात आता घरोघरी गॅस. काय करावं?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर: ताई, सासूबाईंचं खोटं नाही. सुधारित चुलींची सरकारी योजना १९८३ पासून २००२ पर्यंत चालली. त्यातली एक माझ्या आईकडेही बसवली होती. बसवणारा गेला तो गेलाच. वर्षभरात धुराडं काजळीनं चोंदलं, धूर उलटा घरात यायला लागला, आणि मागच्या वैलात (दुसरं भांडं ठेवायच्या तोंडात) कोंबडी अंडी घालू लागली. तेव्हा चूल विकाल तर धुराडं झाडून द्यायचं कामही गटानंच घ्या. त्याचे वेगळे पैसे लावा, बाया देतात.

फलटणकडे डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेची ‘लक्ष्मी’ चूल मी पाहिली: साच्यातली, दोन वैलांची, धुराड्याची. ती बघून मी माझ्या अकलेनं चौदा चुली घातल्या. सरपण वाचावं म्हणून तोंड बारीक ठेवलं. पहिल्याच गिऱ्हाइकिणीनं तव्यावरची भाकरी उचलली आणि विचारलं, “आता ही शेकू कुठं, तुझ्या डोक्यावर?” निखारे पुढं ओढायला जागाच नव्हती! तीन चुली परत आल्या.

गॅसचं म्हणाल, तर ज्यांना सिलिंडर परवडतो त्यांना चूल गळ्यात मारू नका. लाकडाची कुठलीही चूल गॅसइतकी स्वच्छ नाही. पण सरकारच्या उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात असूनही भरायला एकरकमी पैसे नसतात. मग त्यावर चहा, फोडणी. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. तुमचं गिऱ्हाईक ते.

तुमच्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. निम्मं गाव दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातं. मातीची चूल घरी आणि बाई कारखान्याच्या फडात, कोपीपुढं (पाचटाच्या झोपडीपुढं) तीन दगडांवर. तिला उचलून नेता येईल अशी पत्र्याची चूल लागेल. ती बाहेरून आणून विका. पैसे उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, हातात आल्यावर मागा, श्रावणात मागाल तर उधारीच लिहीत बसाल.

पहिली चूल सासूबाईंच्या पडवीत बसवा आणि त्यांनाच ज्वारीच्या भाकरी करायला सांगा. नावं ठेवतील, ती लिहून घ्या. साचा त्यानंतर.