कल्चरच्या रिपोर्टला इतके दिवस का?

प्रश्न : आई लातूरला ॲडमिट आहे. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी मिळेल म्हणतात. एवढा उशीर का? – एक वाचक, औसा

उत्तर : दादा, जंतू आधी वाढवावे लागतात, पहिला दिवस त्यातच जातो. मग कोणतं औषध लागू पडेल ते बघायला लॅबमध्ये मी ते म्युलर-हिंटन अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या खाद्याच्या) थाळीवर पसरते, वर अँटिबायोटिकच्या चकत्या मांडते आणि थाळी ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवते. चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. त्या औषधासाठी ठरलेल्या मापापेक्षा ते लहान भरलं, तर रिपोर्टात ‘आर’, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाहीत. हे घाईनं होत नाही, आणि होऊही नये! तोवर डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध बंद करू नका. आधी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून दिल्या असतील, तर तेवढं लॅबला जरूर सांगा. त्यानं जंतू थाळीवर वाढतच नाहीत कधीकधी.