पद्मिनी घ्यायची म्हणतोस, तर आधी पत्रा बघ

प्रीमियर पद्मिनीच हवी, रविवारी तिच्यातून लोणावळ्याला जायचंय, हे तुझं वाचून मनापासून आनंद झाला. कुर्ल्याच्या कारखान्यातली, आता बनत नसलेली ही जुनी मोटार अजून तरुण पोरांना वेड लावते! पण घाई करू नकोस. आधी एखाद्या मालकाशी ओळख काढ, शेजारी बसून फेरी मार आणि जमलं तर स्टिअरिंगजवळचा गिअर स्वतः टाकून बघ.

इंजिनाची फार धास्ती घेऊ नकोस. १०८९ सीसीचं साधं कार्ब्युरेटरचं इंजिन आहे, जुना मिस्त्री ते उघडून पुन्हा उभं करतो. खरा खर्च पत्र्याचा. चकचकीत रंगाला भुलू नकोस. पायाखालचं मॅटिंग उचलायला लाव, दारांच्या खालच्या कडा बोटाने चाचप, डिकीत स्टेपनीखाली टॉर्च मार. खिशात लोहचुंबक ठेव आणि मडगार्डवर फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, खड्डे बुजवायला भरलेली पुट्टी आहे. मॅटिंग उचलू न देणाऱ्याकडून मी तरी गाडी घेणार नाही.

कागद तितकेच महत्त्वाचे. सगळ्याच पद्मिनी आता १५ वर्षांच्या पुढच्या, म्हणून आरसीचं, म्हणजे नोंदणीच्या कागदाचं, नूतनीकरण झालंय का ते पाहा, गाडीच्या सांगाड्यावरचा चॅसी नंबर त्याच्याशी स्वतः ताडून बघ. ५० वर्षं पूर्ण झालेल्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती नेहमीच्या फिरण्यासाठी वापरता येत नाही. तुला रविवारी लोणावळ्याला जायचंय, तर साधी नोंदणीच ठेव.

आणि क्रोमचे बंपर, दिव्यांच्या कड्या शाबूत असलेलीच गाडी निवड. चांगल्या अवस्थेतले हे भाग शोधताना फार दमायला होतं.