घरी रुग्णाचं करणाऱ्यांच्या गटासाठी अनुदान कुठून मिळेल?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी तुम्ही सहा जण महिन्यातून एकदा भेटता. प्रत्येकाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं किंवा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेलं माणूस आहे. आता गटासाठी अनुदान हवंय आणि त्यासाठी ट्रस्ट काढावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या सासूबाईंना आठ वर्षं डिमेन्शिया होता. त्या काळात सुरू झालेला आमचा गट अजून चालतो आणि त्याच्या पैशांचं मी बघते. म्हणून जे स्वतः केलंय तेवढंच सांगते.

ट्रस्टची घाई करू नका. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात, ती तुम्हाला मिळतील. पण खरं काम नोंदणीनंतर सुरू होतं. दरवर्षी ऑडिट, आयकराची १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी (पहिलीने संस्थेला, दुसरीने देणगीदाराला करसवलत मिळते; नव्या संस्थेला ती आधी तीन वर्षांपुरती तात्पुरती मिळते), आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. आमचे एक विश्वस्त वारले, दुसरे मुलाकडे बंगळुरूला गेले आणि आम्ही दीड वर्ष बदल अर्जच केला नाही. एका कंपनीने परिशिष्ट १चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागितला, तर त्यावर जुनीच नावं. त्या वर्षीचे पैसे दुसऱ्या संस्थेला गेले. चूक सर्वस्वी आमची होती, आणि तिची किंमत ज्या घरांनी मोजली त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यापेक्षा गावातली जुनी, हिशेब चोख असलेली संस्था शोधा. ज्येष्ठ नागरिक संघ असेल, रुग्णसाहित्य भाड्याने देणारं मंडळ असेल. तिच्या घटनेत आरोग्य किंवा ज्येष्ठांची सेवा हा उद्देश आहे ना, ते पाहा. तुमचा गट त्यांचा उपक्रम म्हणून चालवा, हिशेबाचं खातं वेगळं ठेवा आणि हे सगळं कागदावर करा. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर जो खर्च करावा लागतो त्यातून पैसे मिळवायला, तर हे फारच सोयीचं, कारण कंपन्या ज्या स्वतंत्र संस्थांमार्फत काम करतात त्यांना तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय अशा संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

सीएसआरचा नियम कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ मध्ये आहे. वार्षिक निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, यातलं एक जरी बसलं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची असते. आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्या कलमात म्हटलंय. म्हणून मुंबई-पुण्याच्या मुख्यालयांना पत्रं पाठवत बसण्याआधी तुमच्या एमआयडीसीत चक्कर मारा. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात 'काळजीवाहक' असा शब्द कुठे सापडणार नाही. तिथे आरोग्यसेवा आहे आणि ज्येष्ठांसाठी डे केअर सेंटर व तशा सुविधा आहेत. तुमचा प्रस्ताव त्याच शब्दांत बसवा.

घरी दिव्यांग व्यक्ती असेल तर दुसरी दोन दारं आहेत. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. अंदाजपत्रक ठरण्याआधी अर्ज घेऊन जा, मार्चअखेरीस नको. आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना १ लाखापर्यंतचं आरोग्य विमाकवच देते. ते गटाला नाही, घराला मिळतं, पण गटातल्या प्रत्येक पात्र घराला ते मिळवून देणं हेसुद्धा तुमचंच काम समजा. डिमेन्शिया मात्र या चारांत येत नाही. परदेशी देणग्यांच्या वाटेला सध्या जाऊ नका.

आता खरी अडचण सांगते. आपण सहज म्हणतो, 'सासऱ्यांचं सगळं तीच करते.' पण अर्जात रकाना असतो 'लाभार्थी', आणि तिथे सासरे लिहिले जातात. करणारी कुठेच येत नाही. आमच्या पहिल्या प्रस्तावात आम्ही बावीस रुग्ण लिहिले होते. प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकारीबाईंनी साधा प्रश्न विचारला, 'हे बावीस जण बैठकीला येतात का?' आम्हाला उत्तर देता येईना.

त्याच सुमारास एक बाई बैठकीला येत. दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या, मोबाईल तळहातावर उघडा. वीस मिनिटांनी उठायच्या, कारण नवऱ्यापाशी बसलेल्या शेजारणीच्या नळाला पाणी यायची वेळ व्हायची. मग आम्ही दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: नाव, घरी कोणाचं करता, किती वाजता आलात, किती वाजता गेलात, आत्ता घरी कोण बसलंय. त्या शेवटच्या रकान्याने आम्हाला शहाणं केलं. सहा महिन्यांनी वही चाळली, तर लवकर उठून जाणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या पुढे 'शेजारी' किंवा 'कोणी नाही' असंच होतं.

तेव्हा आम्ही सभागृह, बॅनर, व्याख्यात्याचं मानधन हे सगळं अंदाजपत्रकातून काढलं आणि बदलीचं माणूस मागितलं, म्हणजे करणारीच्या जागी काही तास रुग्णापाशी बसणारी ताई. बारा घरं, महिन्याला प्रत्येकी चार फेऱ्या, एका फेरीला तीन तास, म्हणजे १४४ तासांचं मानधन, वर बसभाडं आणि या ताईंचं प्रशिक्षण. लाभार्थी म्हणून बारा करणाऱ्यांची नावं, सोबत वहीच्या झेरॉक्स. अधिकारीबाईंनी ती पानं आमच्यासमोरच वाचली आणि वर्षभरासाठी मंजुरी मिळाली.

ताई पहिल्यांदा त्या बाईंकडे गेल्या, त्या दिवशी बाई बैठकीला आल्याच नाहीत. आतल्या खोलीत तीन तास झोपल्या. आम्ही ते तीन तास वहीत तसेच लिहिले आणि अहवालातही तसेच कळवले. म्हणून करार करताना एक गोष्ट नक्की सांभाळा. 'बैठकीतील उपस्थिती' हा निकष मान्य करू नका, 'घरी मिळालेले बदलीचे तास' असंच लिहून घ्या.