आधी एक पश्चिमेची भिंत

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघं संभाजीनगरात ऑफिस थाटताय आणि इमारत, संगणक, शहर असं सगळं एकाच टेबलावर घेणार आहात, हे वाचून बरं वाटलं. थ्रीडी प्रिंटर कुठला घ्यावा, असं विचारलंस. सध्या कुठलाच घेऊ नकोस. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांसाठी लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंग) करणारी वर्कशॉप आहेत. जॉबवर्क म्हणून ती तुझंही काम घेतील. प्रिंटरच्या हप्त्याचे पैसे तिथं नमुने कापून घेण्यात घाल.

ऊन अडवायच्या पहिल्या प्रयोगाला एक पश्चिमेची भिंत पुरे. आपण साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. २१ मार्चला दुपारी सूर्य ७० अंशांवर चढतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीवरचा ६० सेंटिमीटरचा छज्जा खाली १६५ सेंटिमीटर सावली धरतो. चार फुटी खिडकी पुरती झाकली. डिसेंबरात हीच सावली ६४ सेंटिमीटरवर येते आणि थोडं ऊन आत शिरतं, ते हवंच असतं. पश्चिमेला मात्र एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी पाचला सूर्य २४ अंशांवर असतो. तिथं त्याच छज्ज्याची सावली जेमतेम २७ सेंटिमीटर. म्हणून पश्चिमेला उभी जाळीच हवी, म्हणजे छिद्रं पाडलेला पोलादी पत्रा. ग्रासहॉपर या नक्षी रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळी तासाभरात निघते, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

१२५० बाय २५०० मिलिमीटरची, २ मिलिमीटर जाडीची पोलादी शीट साधारण ४९ किलो भरते. दोघं जण उचलतात. ३ मिलिमीटरची घेतलीस तर ७४ किलो, मग शिडीवर चौघं लागतात आणि खर्च तिथंच वाढतो. लेझरवाला पैसे कापाच्या लांबीवर घेतो आणि प्रत्येक छिद्र सुरू करताना जो भोसका द्यावा लागतो त्यावरही. एका शीटला १० मिलिमीटरची ८,००० छिद्रं पाड किंवा २५ मिलिमीटरची १,२८० पाड, उघडा भाग दोन्हीकडे वीस टक्केच. पण पहिल्यात काप २५१ मीटर, दुसऱ्यात १०० मीटर. स्क्रीनवर पहिली नक्षी नाजूक दिसते. रस्त्यापलीकडून दोन्हींत फारसा फरक कळत नाही. सगळी छिद्रं एकसारखी गोलच असतील तर लेझर सोडून पंचिंगचा, म्हणजे ठशानं छिद्रं पाडायचा, भाव विचार.

कापायच्या आकृतीची डीएक्सएफ फाइल मिलिमीटरमध्ये, एकास एक मापात दे. प्रत्येक आकार बंद हवा. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा आधी काढून टाक, नाहीतर मशीन तोच काप दोनदा मारतं आणि कड जळते. वळणदार स्प्लाइन रेषांचे कंस करून घे. शेकडो बारीक तुकडे झाले की मशीन अडखळत चालतं आणि कड करवतीसारखी येते. छिद्राचा व्यास शीटच्या जाडीपेक्षा कमी नको. कडेला चाळीसेक मिलिमीटर पट्टी कोरी सोड आणि त्यातली पंचवीस मिलिमीटर दुमड. दुमड नसली तर उष्णतेनं शीट पापडासारखी वाकते. छिद्र दुमडीच्या फार जवळ आलं तर लंबगोल होतं. पावडर कोटिंग कापून-वाकवून झाल्यावरच, पण भट्टीची लांबी शीट कापण्याआधी विचारून ठेव. हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात.

जाळी भिंतीपासून ४५ सेंटिमीटर पुढं, वरून-खालून उघडी. चिकटून लावली तर तापलेला पत्राच भिंतीला शेकतो, आणि रंगवायला माणूस आत शिरत नाही.

आता मोजमाप. जाळीआडच्या भिंतीवर तापमान मोजणारा एक डीएस१८बी२० सेन्सर आणि त्याच दिशेच्या उघड्या भिंतीवर दुसरा. त्याआधी दोन्ही एका बादलीतल्या पाण्यात तासभर ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घे. प्रत्येकाची चूक अर्ध्या अंशापर्यंत असते, त्यामुळे अर्ध्या अंशाच्या फायद्यावर पोस्टर छापू नकोस. सेन्सर प्लास्टरमध्ये खाच करून बुजव; उन्हात नुसता चिकटवलेला सेन्सर भिंत मोजत नाही, ऊन मोजतो. दर दहा मिनिटांनी नोंद, म्हणजे दिवसाला १४४. नोंदी एसडी कार्डावर आणि मागे पॉवर बँक, कारण लाइट गेली की वायफाय गेलं आणि नेमकी दुपारची आकडेवारी गायब. एप्रिल-मे पूर्ण जाऊ दे. मगच मालकाला पुढच्या जाळ्यांचा हिशोब दाखव.

अंगणात हलका मंडप उभारायचा तुमचा बेत आहे. हलकं बांधकाम म्हणून हलका पाया, हा हिशोब काळ्या मातीत उलटा पडतो. पाणी प्यालेली माती फुगते आणि वर वजन कमी असेल तर तीच सांगाडा उचलते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घाल. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. २४ तासांनी पाण्यातली १८ मिलिलिटर आणि रॉकेलमधली १० दिसली तर फुगवटा ८० टक्के. पन्नासच्या वर गेला की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव. तो बहुधा साडेतीन मीटर किंवा जास्त खोल, तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल सुचवेल. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट. बीमखाली साधारण आठ सेंटिमीटर पोकळी राहते, तिथं गवंडी भराव घालणार नाही याकडे लक्ष दे.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, गारव्याचं तुला आकर्षण आहे, असायलाच हवं. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जीव गेले ते त्याच मातीच्या ओझ्यानं आणि चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. साण्यातून (छतातल्या झरोक्यातून) उतरणारा उजेड घे, छताचं वजन नको.

शहराबद्दल थोडक्यात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे थर यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात आण. मराठवाड्याचा जवळपास सगळा भाग त्यात बसतो आणि मापं मीटरमध्ये मिळतात. उपग्रहाचा ३० मीटरचा उंची-नकाशा खाम नदीच्या खोऱ्यासाठी ठीक. गुलमंडीच्या बोळात पाणी कुठं तुंबतं हे त्यातून कळत नाही. तिथं प्लंबरची लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन दर दहा मीटरला उंची घे. जुन्या शहरात खोदायचं असेल तर नहर-ए-अंबरीची रेषा आधी तपास. मलिक अंबरच्या काळातली ही जमिनीखालची नहर नुसत्या उतारावर पाणी आणायची, आणि तिचे भाग अजून जमिनीखाली आहेत.

ऑफिसच्या नावाचंही बघ. तुमच्यातला एक जण कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे भागीदारीच्या नावात 'आर्किटेक्ट्स' लावायचं तर सगळे भागीदार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेले लागतात. त्याला भागीदार करा, पण पाटीवर 'स्टुडिओ' लिहा. करारात नमुन्याची शीट, सेन्सर आणि दोन महिन्यांची मोजणी हे फीपासून वेगळं कलम ठेव, आणि जाळी उपयोगी ठरली नाही तर ती उतरवायचा खर्च कोणाचा, हेही तिथंच लिही.

पहिली डीएक्सएफ वर्कशॉपला देण्याआधी इकडं पाठव.