यंत्रमागाच्या फोटोत काळे पट्टे का येतात?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातलं रोजचं जगणं मी कॅमेऱ्यात टिपतोय, यातच करिअर करायचं आहे. पण यंत्रमाग कारखान्यातल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात. शिवाय एका संस्थेने पैसे देऊन बिडी कामगार महिलांचे फोटो काढायला सांगितलंय. ते पुढे माझ्या प्रदर्शनात लावता येतील ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. धोटा (मागात इकडून तिकडे धावत आडवा धागा नेणारा भाग) स्थिर दिसावा म्हणून तुम्ही शटर १/५०० सेकंद ठेवत असणार. तेवढ्या वेळात त्या चढउताराचा एक तुकडाच हाती लागतो, आणि फोटोचा जो भाग प्रकाश मंद असताना टिपला जातो तिथे काळा पट्टा दिसतो. पूर्ण चढउतार सामावेल असं शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, अ‍ॅपर्चर २.८ (लेन्सचं छिद्र मोठं), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंदच करा, त्यात पट्टे आणखी वाढतात. स्वस्त एलईडीखालीही हाच त्रास होतो.

१/५० ला धोटा पुसट येईल. येऊ द्या, माग चालू आहे हे त्यावरूनच कळतं. चेहरा मात्र स्थिर हवा. धागा तुटला की माग थांबतो आणि कामगार वाकून गाठ मारतो, तो क्षण धरा. फ्लॅश अजिबात नको. चालत्या मागाजवळ कुणाचे डोळे दिपवणं धोक्याचं आहे.

लेन्स कारखान्यात बदलू नका. हवेत कापसाचे तंतू असतात, ते सेन्सरवर बसले की प्रत्येक फोटोत डाग. साफ करायला ब्लोअर (हाताने दाबून हवा सोडायचा फुगा) वापरा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण चिकटतात.

आता प्रदर्शनाचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणून काम सुरू करण्याआधीच लेखी घ्या : कॉपीराइट छायाचित्रकाराकडे, संस्थेला अमुक वापराची, अमुक वर्षांची परवानगी. हे नंतर मागितलं तर मिळेलच असं नाही.

आणि त्या महिलांची संमती वेगळी घ्यावी लागेल, संस्थेची परवानगी त्यांच्या वतीने चालत नाही. पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, तेव्हा प्रदर्शनाची गोष्ट समजावायला भाषा जाणणारं कुणी सोबत न्या. नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा. तारीख, गल्ली, काम त्याच दिवशी वहीत उतरवा. पुढच्या खेपेला प्रत्येकीसाठी चार बाय सहा इंचांची प्रिंट घेऊन जा.